धुळीतला व्यायाम आणि उरलेले तेवीस तास

केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा हवेच्या गुणवत्तेचे राष्ट्रीय मानक सलग पाच वर्षे गाठू न शकलेल्या शहरांच्या यादीत मुंबई, पुणे, नागपूर आणि चंद्रपूर यांच्या पंक्तीत सोलापूरचेही नाव होते. याच सोलापुरात सिद्धेश्वर तलावाच्या काठाने, होम मैदानावर, संभाजी तलावाच्या परिसरात आणि विजापूर रस्त्याच्या कडेने पहाटे फिरायला जाणाऱ्यांची संख्या कमी नाही. त्यांतल्या अनेकांना मधुमेह, रक्तदाब किंवा गुडघेदुखीसाठी डॉक्टरांनीच चालण्याचा सल्ला दिलेला असतो. चालणे हितकारक आहे आणि हवा अहितकारक आहे, ही दोन्ही विधाने आपापल्या जागी खरी असल्यामुळे ती एकत्र आली की हिशेब कोणत्या बाजूला झुकतो, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहत नाही.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याआधी सोलापूरच्या हवेत नेमके काय असते हे पाहिले पाहिजे, कारण ‘प्रदूषण’ या एका शब्दाखाली फार वेगवेगळ्या वस्तू येतात. सोलापूर पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडते. वर्षाकाठी पडणारा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास असतो आणि तोही बहुतांशी जून ते ऑक्टोबर या काळात पडून जातो, त्यामुळे उरलेले सात-आठ महिने हवा धुऊन काढणारे दुसरे काही नसते. भोवतालची काळी माती भिजली की चिकट होते आणि वाळली की तिचा भुगा होतो. त्यात पुणे-हैदराबाद, विजापूर, सांगली-कोल्हापूर आणि धुळे-छत्रपती संभाजीनगर या दिशांनी येणारे राष्ट्रीय महामार्ग शहरापाशी एकत्र येत असल्याने अवजड वाहनांची वर्दळ सतत चालू असते आणि रस्त्यांच्या कच्च्या साइडपट्ट्यांवरील माती चाकांखाली दळली जाऊन पुन्हापुन्हा हवेत उडत राहते. ही धूळ निव्वळ मातीची नसते; टायरच्या रबराचा कीस, ब्रेकच्या झिजेतून निघणारे धातूंचे कण आणि डिझेलच्या धुराची काजळी तिच्यात मिसळलेली असते. आहेरवाडी-फताटेवाडी येथील १,३२० मेगावॉट क्षमतेचा कोळशावरील वीजप्रकल्प, जिल्ह्यातील तिसाहून अधिक साखर कारखान्यांचे बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर, चालणारे बॉयलर आणि ऊस तुटल्यानंतर फडात पेटवले जाणारे पाचट हे यातले इतर वाटेकरी आहेत. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम आणि हवा जड होण्याचा हिवाळा हे एकाच वेळी येतात, हे सोलापूरचे आणखी एक दुर्दैव. सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी जून २०२३ मध्ये पाडण्यात आली आणि तिच्यावरून शहरात अनेक वर्षे वाद झडले. पण तो सारा वाद ती विमानांच्या वाटेत येते या मुद्द्याचा होता, श्वासाच्या हवेचा नव्हता, ही नोंद येथे केल्यावाचून राहवत नाही.

हवेतील तरंगत्या कणांचे वर्गीकरण त्यांच्या आकारावरून केले जाते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांना ‘पीएम १०’ म्हणतात आणि त्यांतले जाड कण प्रामुख्याने नाक, घसा व मोठ्या श्वासनलिकांत अडतात. २.५ मायक्रॉनपर्यंतचे कण, म्हणजे ‘पीएम २.५’, फुप्फुसांच्या टोकाला असलेल्या वायुकोशांपर्यंत, जेथे प्राणवायू रक्तात उतरतो तेथपर्यंत पोहोचतात. त्याहूनही बारीक, ०.१ मायक्रॉनपेक्षा लहान असलेल्या अतिसूक्ष्म कणांपैकी काही तर वायुकोशांची पातळ भिंत ओलांडून रक्तप्रवाहातच शिरतात. भारतातील २००९ च्या मानकांनुसार चोवीस तासांच्या सरासरीत एका घनमीटर हवेत पीएम १० हे १०० मायक्रोग्रॅमपेक्षा आणि पीएम २.५ हे ६० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असू नयेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेल्या मर्यादा अनुक्रमे ४५ आणि १५, म्हणजे कितीतरी कडक आहेत. सोलापूरची तक्रार मुख्यत्वे पीएम १०ची, म्हणजे धुळीची आहे. धूळ डोळ्यांना दिसते, कपड्यांवर बसते आणि म्हणून तिची ओरड होते. प्रकृतीला अधिक घातक असलेले बारीक कण मात्र दिसत नसल्याने त्यांच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही.

व्यायामात शरीराची प्राणवायूची गरज वाढते आणि श्वासाचे सगळे गणित बदलते. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. झपझप चालताना हा आकडा पंचवीसच्या आसपास जातो आणि जोरात धावताना ऐंशी लिटर किंवा त्याहून अधिक होतो. सरासरीने मिनिटाला पस्तीस लिटरांचा टप्पा ओलांडला की एकट्या नाकाला ही हवा पुरवता येत नाही आणि तोंडही उघडते. नाकातील केस, ओलसर अस्तर आणि वळणावळणाची वाट यांमुळे जी धूळ वाटेतच अडली असती, ती तोंडाच्या मोकळ्या रस्त्याने खोलवर जाते. शिवाय श्वास खोल असल्याने हवा फुप्फुसांच्या तळापर्यंत पोहोचते. अमेरिकेतील रॉचेस्टर येथील, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात व्यायाम करणाऱ्यांच्या फुप्फुसांत साचलेल्या अतिसूक्ष्म कणांची संख्या विश्रांतीच्या तुलनेत साडेचार पटींहून अधिक आढळली होती.

सोलापुरात या गणिताचा सर्वांत मोठा फटका बसण्याचा संभव ज्यांना आहे, ते पेन्शनर नव्हेत, तर भरतीची तयारी करणारे तरुण-तरुणी आहेत. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुषांना १,६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावावे लागते, आणि या अंतराचा स्वभावच असा आहे की ते जवळजवळ पूर्ण ताकदीने, तोंडाने धापा टाकत पार करावे लागते. ज्यांच्या गावात किंवा वस्तीजवळ मैदान नाही, ते डांबरी रस्ता सपाट असतो म्हणून महामार्गाच्या किंवा बायपासच्या कडेला सराव करतात, आणि अशा वेळी जवळून जाणाऱ्या प्रत्येक ट्रकचा धूर, विरण्याआधीच, त्या खोल श्वासात मिसळतो.

तरीही केवळ पटींचे आकडे ऐकून घाबरून जाण्यापूर्वी एक साधा हिशेब करून पाहावा. हवेत घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम पीएम २.५ आहे असे धरले, तर चाळीस मिनिटे धावणाऱ्या माणसाच्या फुप्फुसांतून सुमारे ३,२०० लिटर, म्हणजे ३.२ घनमीटर हवा जाते आणि तिच्याबरोबर १९० मायक्रोग्रॅमच्या आसपास कण आत जातात. तोच माणूस दिवसभर नुसता बसून राहिला, तरी मिनिटाला आठ लिटर या दराने चोवीस तासांत साडेअकरा घनमीटर हवा आणि तिच्यातून जवळपास ६९० मायक्रोग्रॅम कण घेणारच असतो. म्हणजे धावण्याने त्याच्या वाट्याला येणाऱ्या प्रदूषणात साधारण चौथ्या हिश्शाची भर पडते. मोठा भाग उरलेल्या तेवीस तासांचा असतो आणि तो घरी बसल्याने टळत नाही. हा हिशेब ढोबळ आहे, कारण त्यात कण किती खोल साचतात आणि रस्त्याकडेला क्षणिक प्रमाण किती चढते याची गणना नाही; परंतु व्यायाम हाच गुन्हेगार आहे, ही समजूत दूर करण्यास तो पुरेसा आहे.

केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेले गणिती प्रारूप याच दिशेने जाते. पीएम २.५ चे प्रमाण जागतिक शहरी सरासरीइतके, म्हणजे २२ मायक्रोग्रॅमच्या आसपास असेल, तर रोज अनेक तास सायकल चालवली तरी लाभाचे पारडे जड राहते. प्रमाण १०० मायक्रोग्रॅम असेल, तर रोज दीड तासाहून अधिक सायकल चालवणाऱ्याला किंवा दहा तासांहून अधिक चालणाऱ्याला तोटा फायद्यापेक्षा अधिक होतो, असे त्यांनी मांडले. रोज पाऊण तास चालणाऱ्यासाठी हा निष्कर्ष दिलासा देणारा आहे. मात्र तो दीर्घकालीन मृत्युदरावर आधारलेला आहे. हृदयविकार किंवा दमा असलेल्या माणसाला त्याच दिवशी काय होईल हे तो सांगत नाही.

ती बाजू इतर प्रयोगांनी दाखवली आहे. लंडनमध्ये साठ वर्षांवरील ११९ जणांना, ज्यांच्यात निरोगी, हृदयविकार असलेले आणि फुप्फुसांचा जुनाट आजार असलेले असे तिन्ही गट होते, दोन तास एकदा डिझेल बस व टॅक्सींनी गजबजलेल्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर आणि एकदा हाइड पार्क या विस्तीर्ण उद्यानात चालवण्यात आले. उद्यानात चालल्यावर फुप्फुसांची कार्यक्षमता सुधारली आणि रक्तवाहिन्यांचा ताठरपणा कमी झाला. रस्त्यावर चालल्यावर हे लाभ निरोगी माणसांतही बहुतांश हरवले. स्वीडन आणि स्कॉटलंडमधील संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या वीस पुरुषांना व्यायाम करताना विरळ केलेला डिझेलचा धूर देण्यात आला, तेव्हा हृदयाला रक्त अपुरे पडत असल्याची ईसीजीवरील खूण स्वच्छ हवेच्या तुलनेत अधिक ठळक दिसली. वीस ते एकोणचाळीस वयोगटातील सुमारे १५ लाख कोरियन तरुणांच्या २०२१ मधील पाहणीत, अधिक प्रदूषित भागात राहून व्यायाम एकदम खूप वाढवणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका घटण्याऐवजी वाढलेला आढळला, तर मर्यादित व्यायामाला असा दोष लागला नाही. मुलांच्या बाबतीत दक्षिण कॅलिफोर्नियातील २००२ च्या अभ्यासाचा दाखला दिला जातो. तेथे ओझोन वायूचे प्रमाण जास्त असलेल्या वस्त्यांत तीन किंवा अधिक खेळ खेळणाऱ्या मुलांना दमा होण्याचे प्रमाण न खेळणाऱ्यांच्या तिपटीहून अधिक होते. या सगळ्यांतून हाती लागणारी गोष्ट एवढीच की निकाल जागा, वेळ आणि जोर या तिन्हींवर अवलंबून असतो.

यांपैकी वेळेविषयी आपल्याकडे एक फार जुनी समजूत आहे, ती म्हणजे पहाटेची हवा सर्वांत शुद्ध असते. वाहने, कारखाने आणि डांबरी रस्ते नव्हते तेव्हा ती खरी असेलही. आजच्या शहरात, निदान हिवाळ्यात, तिची उलटतपासणी करावी लागते. एरवी जमिनीपासून वर जावे तशी हवा थंड होत जाते आणि जमिनीलगतची उबदार हवा धूर-धूळ घेऊन वर चढते. हिवाळ्यातील निरभ्र, निवांत रात्री मात्र जमीन झपाट्याने निवते, तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते आणि वरच्या उबदार थराचे झाकण बसल्यासारखे होऊन खालचे सारे कण तेथेच कोंडले जातात. हवामानशास्त्रात याला तापमान व्युत्क्रम म्हणतात. सूर्य वर येऊन जमीन तापेपर्यंत, साधारण आठ-नऊ वाजेपर्यंत, हे झाकण उचलले जात नाही. नेमक्या त्याच वेळी घरोघरी अंघोळीच्या पाण्याचे बंब आणि चुली पेटतात, सफाई कामगार कोरड्या रस्त्यावर झाडू मारतात, गोळा केलेला पालापाचोळा कोणीतरी कोपऱ्यात पेटवून देते आणि त्या धुरातून कानटोपी-मफलर बांधलेली माणसे हात हलवत, दीर्घ श्वास घेत पुढे जातात. मफलरने थंडी अडते, बारीक कण अडत नाहीत.

संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत तर हा योग आणखी दाट होतो. होम मैदानावर लाखो पावले पडतात, धूळ उडते, शोभेचे दारूकाम होते आणि हे सारे वर्षातील हवा सर्वांत जड असण्याच्या दिवसांत घडते. नऊशे वर्षांच्या परंपरेचा अभिमान असलेल्या शहराला यात्रा नको असे सांगणे मूर्खपणाचे ठरेल. पण मैदानावर पुरेसे पाणी मारणे आणि त्या आठवड्यात नेहमीच्या धावणाऱ्यांनी दुसरे मैदान गाठणे, यात परंपरेला बाधा येण्यासारखे काही नाही. हिवाळ्यात हवा सर्वांत मोकळी असते ती दुपारी तीन ते पाचच्या सुमारास. उन्हाळ्यात मात्र हाच सल्ला उलटतो, कारण चाळीस अंशांपलीकडच्या उन्हात व्यायाम करणे प्रदूषणापेक्षा अधिक धोक्याचे आहे आणि वाहनांच्या धुरातील वायूंवर प्रखर ऊन पडून तयार होणारा ओझोनही दुपारीच चढतो. तेव्हा एप्रिल-मे महिन्यांत पहाटच बरी. एकच वेळ बारा महिने पाळण्याची आपली शिस्त येथे थोडी सैल करावी लागते.

मनावरील परिणामांचा विचार तुलनेने अलीकडे सुरू झाला आहे. व्यायामाने मन प्रसन्न होते यामागे अनेक जैविक कारणे सांगितली जातात. त्यांपैकी एक म्हणजे मेंदूतील चेतापेशींची वाढ आणि त्यांची परस्परांशी जोडणी टिकवणारे ‘बीडीएनएफ’ हे प्रथिन, ज्याचे रक्तातील प्रमाण व्यायामानंतर वाढते. बेल्जियममधील अँटवर्प येथे अडतीस स्वयंसेवकांना एकदा वर्दळीच्या रस्त्यालगत आणि एकदा गाळलेली हवा असलेल्या खोलीत सायकल चालवायला लावली, तेव्हा खोलीत हे प्रथिन वाढले, रस्त्यालगत वाढले नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग लहान होता आणि त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. पण घाम तेवढाच गाळूनही मेंदूला मिळणारा मोबदला कमी होऊ शकतो, ही शक्यता त्याने पुढे आणली. शांघायमधील विद्यार्थ्यांच्या खोल्यांत काही दिवस खरे आणि काही दिवस नुसते नावापुरते हवाशुद्धक यंत्र बसवून केलेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कणांचे प्रमाण जास्त असताना कॉर्टिसोल, अ‍ॅड्रेनॅलिन यांसारखी ताणाच्या काळात स्रवणारी संप्रेरके वाढलेली दिसली. म्हणजे माणसाला कोणतीही चिंता नसतानाही हवा त्याच्या शरीराला चिंतेच्या तयारीत ठेवते. अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून २०१९ मध्ये केलेल्या विश्लेषणात पीएम २.५ चा दीर्घकालीन संपर्क दर १० मायक्रोग्रॅमने वाढला की नैराश्याची शक्यता सुमारे दहा टक्क्यांनी वाढते, असा संबंध आढळला. संबंध आढळणे म्हणजे कारण सिद्ध होणे नव्हे, कारण प्रदूषित वस्तीत राहणाऱ्याला गोंगाट, दाटी आणि तुटपुंजे उत्पन्न यांचाही जाच असतो.

या चित्राला एक सामाजिक पदरही आहे. तलावाकाठी रोज भेटणाऱ्या मंडळींसाठी चालणे हे अर्धे निमित्त असते. फेरी संपल्यावरचा चहा, वर्तमानपत्रावरची चर्चा आणि कालच्या दिवशी न आलेल्या माणसाची चौकशी यांतूनही त्यांचे मन सावरत असते. हवा वाईट आहे म्हणून वृद्ध माणसाला सरसकट घरात बसवले, तर फुप्फुसे काही प्रमाणात वाचतील, पण स्नायू, साखर आणि सोबत या तिन्हींचे नुकसान होईल. घरात बसा हा सल्ला देणे फार सोपे आहे आणि म्हणूनच तो जपून द्यावा.

त्याऐवजी जागा बदलणे अधिक फलदायी ठरते. वाहनांतून निघणारे अतिसूक्ष्म कण आणि काजळी रस्त्यापासून शंभर-दीडशे मीटरांवर बऱ्याच प्रमाणात विरतात, त्यामुळे मोठ्या रस्त्याच्या पदपथाऐवजी आतल्या गल्लीतून किंवा वनविहारासारख्या झाडीतून गेले, तर अंतर तेवढेच राहून धूर कमी मिळतो. हवा गुणवत्ता निर्देशांक, जो ० ते ५०० या मोजपट्टीवर सांगितला जातो, २०० च्या वर गेला असेल तर धावण्याऐवजी चालावे, ३०० च्या वर असेल तर घरात योगासने किंवा जिना चढण्यावर भागवावे, आणि दमा, हृदयविकार असलेल्यांनी व गर्भवतींनी १०० ओलांडल्यावरच जोर कमी करावा, असा क्रम सर्वसाधारणपणे धरता येतो. एन-९५ मुखपट्टी बारीक कण अडवते, पण ती लावून धावणे दमछाक करणारे असते. रुमाल किंवा साधी कापडी पट्टी फार तर जाड धूळ अडवते. निर्देशांकाचा आकडाही सावधपणे वाचावा, कारण तो मापन केंद्राच्या परिसराचा असतो. चार किलोमीटरवरच्या चौकात डंपरमागे उभ्या असलेल्या माणसाचा नसतो.

हा सारा विचार वेळ आणि जागा निवडण्याची मुभा असलेल्यांसाठी झाला. सोलापूरच्या पूर्व भागातील यंत्रमाग कामगाराचे श्रम मात्र कोणत्याही व्यायामाच्या व्याख्येत बसवले जात नाहीत. चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या मागांच्या मधल्या अरुंद वाटेत तो बारा-बारा तासांची पाळी उभ्याने काढतो, तुटलेला धागा जोडण्यासाठी या मागाकडून त्या मागाकडे जात राहतो, आणि त्या शेडमधल्या हवेत सुताचा तंतू तरंगत असतो. सुताच्या धुळीने श्वासनलिका आवळल्या जाण्याच्या विकाराला बिसिनोसिस म्हणतात; सुट्टीनंतर कामावर आल्याच्या पहिल्या दिवशी छाती जखडते आणि आठवडा सरताना ती सैल होते, ही त्याची सुरुवातीची खूण. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीतील व्यवसायजन्य रोगांत बिसिनोसिसचा समावेश झाला, आणि उसाच्या बुरशी चढलेल्या चिपाडाच्या धुळीने होणाऱ्या बगॅसोसिसचाही; सोलापूरच्या दोन्ही प्रमुख धंद्यांचे रोग एकाच यादीत आहेत. भरपाई मिळण्यासाठी आधी निदान व्हावे लागते, आणि निदान होण्यासाठी खोकला घेऊन आलेल्या माणसाला तपासणाऱ्याने ‘रोज किती चालता’ याच्या आधी ‘कोठे काम करता’ हे विचारावे लागते.